अर्ध्या अक्षरांचा ताईत

कारकुनानं दोन्ही कागद टेबलावर एकाखाली एक ठेवले आणि ते जुळले नाहीत.

"जरा वर सरकवा," मी म्हणाले.

त्यानं सरकवला. मग डावीकडं, मग उजवीकडं. वरचा कागद माझ्या मेलेल्या धन्याचा. त्याची खालची कड नागमोडी कापलेली. खालचा कागद माझा. त्याची वरची कड सरळ, दोरी धरून कापल्यासारखी. सरळ काठाला नागमोडी काठ कसा बसणार? बाजूला उभा असलेला धाकटा क्रॉफ्ट हसला. नेमकं काय बिघडलंय ते मला अजून कळलं नव्हतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मेरीलँडच्या त्या कोर्टाला पायरीच नव्हती. ते नदीकाठच्या दारूच्या गुत्त्यात भरायचं. पिंपं भिंतीला सरकवायची, मधे लांब टेबल टाकायचं आणि आसपासचे पाच तंबाखूवाले त्यामागं पंच म्हणून बसायचे. मी मूळची माहीमची, भंडाऱ्याची लेक चांगुणा. आमच्या गावच्या पंचांना मी लहानपणी खूप नावं ठेवली होती. पण ते निदान वडाखाली बसायचे, पिंपांना टेकून नव्हे.

माहीमची बाई इथं कशी, असं मला सगळेच विचारतात. मुंबईत एका इंग्रज व्यापाऱ्याची पोरं मी सांभाळत होते. त्याच्या बायकोनं मला सोबत लंडनला नेलं आणि पोरं मोठी झाल्यावर एका जहाजाच्या कप्तानाच्या हवाली केलं. आगीतून फुफाट्यात. समुद्रापलीकडं एका इंग्रज सरदाराला त्याच्या राजानं अख्खा मुलूख देऊन टाकला होता, आणि तिथं तंबाखू लावायला हात कमी पडत होते. म्हणून कागद करून माणसं धाडत. माझ्या कागदात लिहिलं होतं, सात वर्षं चाकरी, मग मोकळी. नाव विचारलं तेव्हा मी चांगुणा सांगितलं. लिहिणाऱ्यानं मान डोलावली आणि 'मेरी' लिहिलं.

सात वर्षं मी थोरल्या क्रॉफ्टकडं भरली. आठव्या वर्षी तो अंथरुणाला खिळला, म्हणून माणुसकीनं थांबले. ती माणुसकी मला भोवली. हिवाळ्यात तो गेला, आणि बर्फ वितळताच विलायतेहून त्याचा पुतण्या, हा धाकटा क्रॉफ्ट, आला. त्यानं सांगितलं, कागदातली मेरी निराळी, ती केव्हाच मेली. ही काळी बाई चुलत्यानं विकत घेतलेली, जन्माची गुलाम. आणि नव्या कायद्यानं आई गुलाम तर लेक गुलाम. माझी जाई तेव्हा चार वर्षांची होती. बार्बाडोस म्हणून उसाच्या मळ्यांचं बेट आहे, जिथून कुणी परत आलेलं मी ऐकलं नव्हतं. तिकडं निघालेल्या एका कप्तानाला त्यानं जाई कबूलसुद्धा करून टाकली होती. जहाज परवा सुटायचं होतं.

"बाई," मुख्य पंच म्हणाला. तो म्हातारा होता आणि दर वाक्यामागं खोकायचा. "मजकूर काय, कुणीही नकलून आणील. असला करार एकाच कागदावर दोनदा लिहितात आणि मधून वेडावाकडा कापतात. अर्धा धन्याकडं, अर्धा चाकराकडं. तो छेद जुळला म्हणजे कागद खरा, कारण तसा छेद पुन्हा कुणाला कापता येत नाही. तुझा छेद कुठं आहे?"

आठ वर्षं मी तो कागद जिवापाड जपला होता. उंदरांपासून जपला, पावसापासून जपला. पण तो वाकडा का कापतात हे मला एकाही माणसानं सांगितलं नव्हतं.

"मी कापला," मी म्हणाले.

"काय कापलंस?"

"वरची पट्टी. मीच कापून काढली."

गुत्त्यातली माणसं खो खो हसली. धाकटा क्रॉफ्ट म्हणाला, "आता आणखी काय ऐकायचं बाकी आहे, महाराज? या वसाहतीत दर दुसरी बाई मेरी आहे."

"का कापलीस?" पंचानं विचारलं.

ते त्या माणसांना सांगून कळलं नसतं. "ती पट्टी आहे," मी म्हणाले. "मी आणते."

"कुठं आहे?"

"आणते म्हटलं ना."

पंचांनी डोकी जवळ घेतली. उद्या सूर्य डोक्यावर आला की कोर्ट उठेल, तोवर आण, असं ठरलं. धाकटा क्रॉफ्ट लगेच पुढं झाला. "ही पोरीला घेऊन जंगलात पळेल." तेव्हा पोर कारकुनाच्या बायकोपाशी ठेवायचं ठरलं. जाईनं माझा घागरा मुठीत धरला होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

"आय, तू येशील ना?"

"येणार गो. तू झोपून उठ, जेव, तवर मी हाय."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली.

बाहेर धक्क्यावर पास्कू आपली नाव बांधून बसला होता. तो वसईचा किरिस्ताव, जहाजावर खलाशी म्हणून आला आणि इथंच राहिला. त्या अख्ख्या मुलखात माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारा तो एकटा. मी त्याला सगळं सांगितलं.

"मंग ती पट्टी हाय कुठं, बाय?"

"म्हादूपाशी."

पास्कूनं छातीवर क्रूस काढला. मग त्यानं नदीचं पाणी निरखलं. "आज आठम," तो म्हणाला. "भांगाचं पाणी. भरतीला जोर नाय न् ओहोटीलाबी नाय. फटफटताना निघू. येताना पाणी उलटं असलं तरी वल्हवता येईल."

त्या रात्री मी झोपले नाही एवढंच सांगते.

म्हादू माझा थोरला. त्याचा बाप कॉनर आयरिश, माझ्यासारखाच कागदावरचा चाकर. थोरल्या क्रॉफ्टनं परवानगी दिली म्हणून आमचं लग्न झालं. तेव्हा क्रॉफ्टचं घर नदीच्या खालच्या अंगाला, उगवतीकडं होतं, दलदलीच्या काठावर. म्हादूला दुसरं वरीस सरत आलं असताना तिकडं ताप आला. पहिल्या आठवड्यात शेजारच्या शेतावरची चार माणसं गेली. घरून येताना माझ्या दंडात आईनं बांधलेला तांब्याचा ताईत होता, आतलं भूर्जपत्र केव्हाच भुगा झालेलं. म्हटलं, पोराला बांधावा. पण आत घालायला मंतरलेलं काहीतरी हवं. इथं भगत कुठून आणू? लिहिलेलं म्हणून माझ्यापाशी एकच चीज होती, तो कागद.

आणि त्या कागदाच्या वाकड्या काठावर एक ओळ होती, मधोमध कापलेली. नुसती अर्धी अक्षरं. वरची डोकी गेलेली, खाली पाय तेवढे राहिलेले. कॉनरला थोडं वाचता यायचं, त्यालाही ती वाचता आली नाहीत. मला वाटलं, खालचा मजकूर सायबासाठी; हा वरचा मंत्र असणार. आमच्या भगताचं लिहिलेलं कुणाला कधी वाचता आलंय? वाचता येत नाही म्हणूनच तर त्याच्यात गुण. मी सुरी घेतली, काठाची बोटभर पट्टी सरळ कापून काढली, गुंडाळून ताईताच्या नळीत घातली, तोंडाला मधमाश्यांचं मेण लावलं आणि म्हादूच्या दंडाला बांधली. शहाणपणा केला असं वाटून त्या रात्री मी चार घास जास्त जेवले.

सहाव्या दिवशी म्हादू गेला. मेलेल्याच्या अंगावरचा ताईत सोडतात. मी सोडला नाही. एवढंसं पोर, एकटं जाणार, काहीतरी घरचं असू दे त्याच्यापाशी. आमच्यात लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. कॉनर तापात बरळत पडला होता, म्हणून अक्रोडाच्या झाडाखाली खड्डा मीच खणला. चार दिवसांनी कॉनरही गेला. जाई तेव्हा पोटात होती.

फटफटताना आम्ही निघालो. नावेत पास्कू माझ्याकडं पाठ करून बोलत होता. "मेल्याची माती उकरत नसतात, बाय."

"ठावं हाय."

"आन ती जमीन आता त्या धाकट्याची. कुणी बघितलं तर वर चोरीचा आळ येईल."

"वल्हव."

"आन पट्टी सडली असली तर? पाच वर्सं झाली."

सडली असली तर मी एकाच दिवशी दोन्ही पोरांना घालवणार होते. तांब्यात ओल जात नाही, मेण जाड लावलं होतं, असं मी मनाशी घोकत होते. आणि मधेच आठवायचं की, लावताना हात घाईत होता, एका बाजूनं मेण पातळ राहिलं होतं. राहिलं होतं का? आठवून आठवून माझं डोकं फिरायची वेळ आली.

अक्रोड होता तिथंच होता. जुनं घर पडून तिथं झुडपं माजली होती. लांब कुठंतरी एक कुत्रं भुंकत होतं आणि थांबत नव्हतं.

"मी खणतो," पास्कू म्हणाला.

"तू पाठ कर."

तंबाखूच्या वाफ्यांना वापरतात तसली आखूड कुदळ आणली होती. वरची माती मी तिच्यानं ओढली, मग कुदळ टाकून दिली आणि हातांनी काढू लागले. किती खोल ते मला माहीत होतं, खड्डा माझाच होता. मुळं मधे आली होती. मी ती बाजूला सारत होते आणि तोंडानं बोलत होते, नाहीतर मला ते जमलंच नसतं.

"म्हादू, आय हाय रे. भिऊ नको. तुला उठवत नाय. तू गेल्यावर तुला बहीण झाली. तिला पायजे ते, म्हणून आले. हात दे जरा, बाळा."

तिथं काय पाहिलं ते मी सांगणार नाही. तो फार लहान होता आणि पाच वर्षं फार असतात. बोटाला थंड धातू लागला आणि मी डोळे मिटूनच तो उचलला.

मी माती परत लोटली. पास्कूनं नदीतले गोटे आणून वर रचले. कुत्र्याचा आवाज आता जवळ आला होता. आम्ही नाव ढकलली.

"उघडून बघ तरी," थोडं पुढं आल्यावर तो म्हणाला.

नळी माझ्या मुठीत होती, हिरवीगार पडलेली. मेण होतं तसं दिसत होतं, पण मातीत माखलेलं, काही सांगता येईना. "नको," मी म्हणाले. आत भुगा निघाला असता तर त्या नावेतून मी धक्क्यावर उतरलेच नसते, पाण्यात उतरले असते. जाई माझी वाट बघत होती, म्हणून मला ते कळून चालणार नव्हतं. मी दुसरं वल्हं घेतलं. भांगाचं असलं तरी पाणी उलटंच होतं, आणि सूर्य आमच्यापेक्षा भरभर वर चढत होता. पास्कूच्या तळहातांना फोड आले. तो एकदाही थांबला नाही. मी दर वळणावर सावली मोजत होते.

पोचलो तेव्हा पंच उठून पाइप झाडत होते. दाराशी तो कप्तान टोपी हातात घेऊन उभा होता. जाई एका पिंपावर बसलेली, पाय जमिनीला न टेकणारे. कुणीतरी तिचे केस विंचरून दिले होते, प्रवासाला निघणाऱ्या पोराचे विंचरतात तसे. मी तशीच टेबलाकडं धावले.

"आणली," मी म्हणाले आणि नळी टेबलावर ठेवली.

"हे काय?" कारकुनानं विचारलं.

"ताईत. आत बघा. सांभाळून."

त्यानं सुरीच्या टोकानं मेण फोडलं. नळी तिरकी करून टेबलावर आपटली. काही पडलं नाही. पुन्हा आपटली. मग त्यानं आत काडी घातली आणि हळूच ओढली. तपकिरी झालेली एक गुंडाळी बाहेर आली. एका टोकाला तांब्याचा हिरवा डाग पडला होता आणि तेवढं टोक हात लागताच तंबाखूसारखं चुरलं. बाकीची पट्टी उलगडली. त्यानं ती दोन कागदांच्या मधे ठेवली.

जुळली नाही.

धाकट्या क्रॉफ्टनं मोठ्यानं श्वास सोडला.

"उलटी ठेवलीय," मी म्हणाले. "मला वाचता येत नाही. पण मोठा उंचवटा डाव्या हाताला होता. मी कापताना बघितलाय."

कारकुनानं पट्टी फिरवली. खालची सरळ कड माझ्या कागदाला लागली. वरची नागमोडी कड थोरल्या क्रॉफ्टच्या कागदात शिरली आणि बसली, दाराला कडी बसते तशी. अर्धी डोकी अर्ध्या पायांना येऊन मिळाली. पाचही पंच पुढं वाकले.

"काय लिहिलंय त्यात?" मी हळूच कारकुनाला विचारलं.

"काही नाही. दोन्हीकडं अर्धी अर्धी जावी म्हणून ओढलेली ओळ, झालं."

म्हणजे मंत्रबिंत्र काही नव्हतं. मला हसू आलं की रडू, आता आठवत नाही.

"मला हरकत आहे," धाकटा क्रॉफ्ट ओरडला. "काल ही पट्टी नव्हती. इतकी वर्षं ती होती कुठं? कुणाकडून चोरली?"

मुख्य पंचानं खोकून माझ्याकडं बघितलं. "प्रश्न बरोबर आहे. हा ताईत कुणाजवळ होता?"

"माझ्या मुलाजवळ."

"मग त्याला पुढं आण. त्याची साक्ष घेऊ."

जाई ऐकत होती. तिला त्यांची भाषा माझ्यापेक्षा चांगली कळायची. भाऊ होता हे तिला ठाऊक नव्हतं. आणि पुरलेलं उकरलं म्हटलं की या लोकांत त्याचा काय गुन्हा होतो, तेही मला माहीत नव्हतं. पास्कू दाराशी उभा राहून मान हलवत होता, सांगू नको, सांगू नको.

"बाई, मुलगा कुठं आहे?"

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. धुवायला वेळच मिळाला नव्हता. नखांत माती होती, कोपरापर्यंत माती होती, आणि एका नखात अक्रोडाच्या मुळाचा तंतू अडकला होता.

म्हातारा माझ्या हातांकडं बघत राहिला. मग त्या हिरव्या नळीकडं. ती किती लहान दंडाला बांधली होती हे तिच्या कड्यांत उरलेल्या दोऱ्याच्या वेढ्यावरून कळत होतं. त्या तापाच्या वर्षी नदीकाठच्या दर घराच्या अंगणात तसा खड्डा पडला होता; त्याच्याही पडला असावा. तो बराच वेळ खोकला. खोकला थांबला तरी रुमाल त्यानं तोंडावरच धरला होता.

"साक्ष झाली," तो म्हणाला. "कारकून, लिहून घे. मुलगा हजर होता."

धाकटा क्रॉफ्ट काहीतरी बोलायला गेला. "बसा," म्हातारा म्हणाला. कप्तानानं टोपी डोक्यावर घातली आणि तो निघून गेला. जाई पिंपावरून उडी मारून आली आणि माझे हात बघून म्हणाली, "आय, तू चिखलात खेळलीस?"

कागद त्यांनी एकत्र शिवून ठेवून घेतले. नळी मला परत दिली.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. पास्कू गेला, धाकटा क्रॉफ्टही विलायतेला परत गेला म्हणतात. जाई स्वतः दोन पोरांची आई आहे. त्या दिवसाविषयी तिला एवढंच ठाऊक आहे की आईचा कागद जुळला आणि कोर्टानं सोडलं. मी पुढं कधी बोलले नाही. तोंड उघडलं की तिथली माती आठवायची.

इथं पंचांग नाही, पण चंद्र आहे. भोपळे घरात आले की मी अमावास्या मोजते आणि दिवाळीची बीज धरते. भाऊ नसलेल्या पोरी त्या दिवशी चंद्राला ओवाळतात, तशी जाईला लहानपणापासून ओवाळायला बसवते. बिजेची कोर मावळतीला दिसते. मी तिला उगवतीला तोंड करून बसवते, नदी खाली जाते तिकडं. आईला दिशा कळत नाहीत असं ती इतकी वर्षं समजत आली.

यंदा मात्र तबक हातात घेऊन ती म्हणाली, "आय, आता तरी ऐक. चंद्र मागं हाय. तू दरवर्षी चुकतेस."

"चुकत नाय. तू चंद्राला ओवाळतच नाहीस."

"मग कुणाला?"

मी कनवटीची गाठ सोडली. हिरवी नळी मी कधी घासली नव्हती. ती तिच्या तबकात, दिव्याशेजारी ठेवली.

"आधी ओवाळ," मी म्हणाले. "तुझ्या भावानं ओवाळणी घातलीय. मग सांगते."